साठ गाठींची दोरी

शोर्तानलीत त्या वर्षी सप्टेंबर सरत आला तरी दुपारी जमिनीवर अनवाणी पाय ठेवायची सोय नव्हती, आणि पहाटे त्याच जमिनीवर बसलं की कमरेत कळ यायची. ऊलझानची कंबर आणि तिचे तळपाय यांचं आपसात पटेनासं झालं होतं. सकाळी कंबर म्हणायची घरी चल, दुपारी तळपाय म्हणायचे घरी चल, आणि ती पंचेचाळीस वर्षांची बाई दोघांचंही न ऐकता मळ्यात खरबुजं फिरवत बसायची. एकेक फळ दोन्ही हातांनी उचलायचं, उन्हाने पिवळं पडलेलं अंग खाली करायचं, बुडाशी बोरूची चटई सरकवायची आणि वर वाळक्या पानांची टोपी ठेवायची. नाहीतर खालून माती आणि वरून ऊन, दोघं मिळून फळ उकडून काढायची.

ही हिवाळी खरबुजं. लांबट, हिरवी, दगडासारखी टणक. तोडून लगेच खायची नसतात. बोरूच्या शिंक्यात घालून मातीच्या खोलीत आढ्याला टांगायची. बाहेर बर्फ पडत असतो आणि आत ती वसंतातल्या नवरोजच्या सणापर्यंत गोड होत बसतात. भर फेब्रुवारीत शहरातले लोक त्यांच्यासाठी भांडतात. अट एवढीच, की वेलीवर ती पुरती भरलेली हवीत आणि तोडण्याआधी त्यांच्यावर हिव पडता कामा नये. रात्रीचं दंव गोठून एकदा जरी फळावर बसलं, तरी वरून काही दिसत नाही. टांगल्यावर महिन्याभराने आतून पाणी होतं आणि घरभर आंबूस वास सुटतो.

गेल्या हिवाळ्यात हा वास गावातल्या सातही घरांत सुटला होता. चार घरांनी उन्हाळ्याआधी कुलपं लावली आणि कझाकस्तानची वाट धरली. ऊलझानचा नवरा कुवात तिकडे आधीपासूनच बांधकामावर होता. वसंतात तो घरी येऊन गेला. तेव्हा नुकतंच उशिराच्या हिवाने कोवळे वेल काळे पडले होते आणि ऊलझानने सगळा मळा दुसऱ्यांदा पेरला होता. बुटाच्या नाड्या बांधता बांधता कुवात म्हणाला, "याही वर्षी खरबुजं गेली ना, तर मी ट्रक घेऊन येणार. घर बंद करायचं. बास झालं."

"आणि बाबा?"

"बाबांना उचलून ट्रकात ठेवीन. रडू देत नाहीतर शिव्या देऊ देत."

ऊलझानला जायचं नव्हतं. आज जिथे मळा होता तिथे एकेकाळी गळ्याइतकं पाणी होतं. अठरा वर्षांची ऊलझान नवरी होऊन त्याच पाण्यावरून होडीत बसून आली होती. लाल शालीखाली तिला फक्त वल्ह्यांचा आवाज येत होता, आणि बोरूच्या बेटांतून येणारा ओला वारा अंगाला लागत होता. पुढे तीन-चार वर्षांत कोल, म्हणजे गावाचं ते अफाट तळं, हटत हटत नाहीसं झालं. नदीचं पाणी वरच्या वर कापसाला वळलं आणि खालच्यांना कोणी विचारलं नाही. उघड्या पडलेल्या तळावर ऊलझानने कुदळीने वाफे काढले, पाच वर्षं त्या मातीतलं मीठ धुतलं. ती माती सोडून परक्या गावात भाड्याच्या खोलीत चहा उकळत बसायची कल्पनाच तिला सोसत नव्हती.

सासरा शेरनियाझ अंगणातल्या बाजेवर बसून गाठ मारत होता. वय अठ्ठ्याहत्तर, अंगात कापूस भरलेला लांब चापान, पायात बूट आणि बुटांवर रबरी खोळी. गावात त्याला एसापशी म्हणत, म्हणजे आभाळाचा हिशेब ठेवणारा. त्याचा बाप एसापशी होता आणि आजाही. उन्हाळा उतरताना पहाटे पूर्वेला सुंबिले तारा पहिल्यांदा दिसला, की मासे धरायच्या जाळ्याची सुतळी घ्यायची आणि त्या दिवसापासून रोज सकाळच्या चहानंतर तिला एक गाठ मारायची. साठ गाठी झाल्या की हिव पडतं. त्याच्या आदल्या दिवशी एसापशी मळ्यात उतरून पहिलं खरबूज स्वतःच्या हाताने कापतो, मग बाकीचे तोडायला लागतात. त्याच्याआधी घरातल्या कोणी वेलीला सुरी लावणं म्हणजे म्हाताऱ्याला जिवंतपणी पुरण्यासारखं समजत.

पन्नास वर्षांत शेरनियाझचा हिशेब एक-दोन दिवसांपलीकडे चुकला नव्हता, निदान गावात सगळे तसं म्हणायचे. गेल्या वर्षी मात्र त्रेपन्नाव्या गाठीलाच हिव पडलं, आणि सातही घरं त्याच्या शब्दावर थांबली होती. तेव्हापासून त्याला कोणी काही विचारत नसे. लोक सलाम करत, चहा पुढे करत, हिवाचा विषय निघाला की जनावरांबद्दल बोलायला लागत. म्हाताऱ्याला शिव्या परवडल्या असत्या.

"चव्वेचाळीस," सुतळी दातांनी ओढून तो म्हणाला. "अजून सोळा."

फाटकाशी मोटरसायकल थांबली. शेजारचा पेर्देबाय होता. उरलेल्या तीन घरांतलं एक त्याचं. तिसरं घर मेंढ्यांवाल्यांचं, त्यांनी यंदा मळा पेरलाच नव्हता.

"सलाम, आगा! कितवी गाठ?"

"चव्वेचाळीस."

"छान. आमच्याकडे बघा, गाठ नाही की सुतळी नाही. बटण दाबलं की एक पोरगी नकाशासमोर उभी राहून सांगते. दहा दिवस काही भीती नाही म्हणाली. रात्री सहा अंश, सात अंश. आणि दिसायलाही बरी आहे."

"ती उभी कुठे असते?"

"टीव्हीत."

"म्हणजे छपराखाली," शेरनियाझ म्हणाला. "छपराखाली मलाही कधी थंडी वाजली नाही."

पेर्देबाय खो खो हसला. मग किक मारता मारता म्हणाला, "गेल्या वर्षी तुम्ही काही छपराखाली नव्हतात, आगा. आमची खरबुजं तरी सडलीच."

धूळ खाली बसेपर्यंत म्हाताऱ्याचा हात सुतळीवर तसाच राहिला. ऊलझान चुलीपाशी होती. तिने खाली मान घालून किटलीचं झाकण उगाच उघडून बंद केलं.

"आभाळ चुकत नाही," म्हातारा कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाला. "गेल्या वर्षी मीच तारा उशिरा पाहिला. डोळ्यांत पाणी येत होतं. यंदा डोळ्यांत तेल घालून पाहिलाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे ऊलझान कुत्र्याला हाक मारत मळ्याच्या खालच्या अंगाला गेली. मळ्यापासून दोनशे पावलांवर, कोलाच्या उघड्या तळात, एका जुन्या होडीच्या फासळ्या वर आलेल्या होत्या. कोल्ह्यांवर नजर ठेवायला कुत्रा तिथे झोपायचा, आणि तिथेच त्याची पाण्याची थाळी असायची. थाळीत तिने बोट घातलं तर काहीतरी मोडलं. कांद्याच्या पापुद्र्याएवढा बर्फ होता.

 ती तडक मळा ओलांडून वरच्या बाजूला गेली. तिथे कापसाच्या शेतांतून निचऱ्याचं पाणी वाहून आणणारा चर होता आणि त्याच्या काठाने बोरूचा शेवटचा पट्टा उभा होता. शिंकी विणायला तिने तिथे एका घमेल्यात बोरूच्या साली भिजत घातल्या होत्या. घमेल्यातलं पाणी साधं गार होतं. बर्फाचा मागमूस नाही.

त्या संध्याकाळी तिने कडा उडालेले तीन पियाले घेतले, पाणी भरलं आणि एक होडीपाशी ठेवला, एक मळ्याच्या खालच्या बांधावर, एक बोरूत. सकाळी होडीपाशी नखाएवढा जाड बर्फ. बांधावर काही नाही, बोरूत काही नाही. तिला आणखी एक गोष्ट सुचली. दुपारी भर उन्हात बूट काढून ती तिन्ही जागी उभी राहून आली. होडीपाशी पाच आकडे मोजायच्या आत पाय उचलावे लागले. बांधावर दहापर्यंत कशीबशी गेली. बोरूत मात्र ती नमाजाला उभी राहिल्यासारखी निवांत उभी राहिली. जी जागा दुपारी जास्त भाजत होती तीच पहाटे आधी गोठत होती. तिथे ना ओल उरली होती ना हिरवं पान, दिवसाची ऊब सांभाळून ठेवणारं काही उरलंच नव्हतं.

सत्तेचाळिसाव्या सकाळी बांधावरच्या पियाल्यातही बर्फ धरला.

सून, म्हणजे तिकडची केलिन, सासऱ्याशी तोंड वर करून बोलत नाही, त्याचं नाव तर घेतच नाही. सत्तावीस वर्षांत ऊलझानने ही रीत मोडली नव्हती. अवघड काही सांगायचं असलं की ती किटलीकडे बघून बोलायची, आणि म्हाताराही किटलीलाच उत्तर द्यायचा. त्यावरून दोघांत कधीकधी हसणंही व्हायचं.

"खालच्या बांधावर पियाल्यात बर्फ धरलाय," ती किटलीला म्हणाली.

"पियाला उथळ असतो," म्हातारा नान चहात बुडवत किटलीला म्हणाला.

"परवा होडीपाशी होता. आज बांधावर आलाय."

"कोण आलाय?"

"बर्फ."

"त्याला पाय फुटले म्हणायचे."

"रोज थोडा वर सरकतोय. मोठी मोठी तरी आज तोडून घ्यावीत, असं वाटतं."

म्हाताऱ्याने आपला पियाला उपडा ठेवला. किटलीला सोडून तो सरळ तिच्याकडे बघायला लागला.

"केलिन, सत्तेचाळीस गाठींचं खरबूज टांगलं तर काय होतं?"

"त्यात गोडी येत नाही."

"भोपळा होतो भोपळा. मेंढ्या खातात. मेंढ्यांसाठी पेरलंस?"

"नाही, बाबा."

"गेल्या वर्षी माझ्या शब्दाने सात घरं बुडाली. यंदा माझ्याच मळ्यात माझ्याआधी वेल कापली गेली, तर गाव काय म्हणेल? म्हातारा संपला. सुनेचासुद्धा त्याच्यावर भरवसा नाही."

"गाव राहिलंय कुठे, बाबा," ती बोलून गेली.

बोलल्यावर तिला वाटलं, जीभ चावून टाकावी. म्हातारा उठला. खुंटीला अडकवलेली खरबुजं कापायची वाकडी सुरी त्याने काढली, उजव्या बुटात खोचली आणि तो पुन्हा बाजेवर जाऊन बसला. दिवसभर तो तिच्याशी बोलला नाही, किटलीशीही नाही.

त्या संध्याकाळी ढग आले. रात्र उबदार गेली, आणि अठ्ठेचाळिसाव्या सकाळी तिन्ही पियाल्यांत नुसतं पाणी. होडीपाशी उकिडवी बसून ऊलझान त्या पाण्याकडे बघत राहिली. तिला बरं वाटायला हवं होतं, पण तिला लाज वाटत होती. तीनशे फळं होती मळ्यात. आज तोडली आणि हिव दहा दिवसांनी पडलं, तर तीनशे भोपळे आढ्याला टांगून ठेवायचे, आणि ट्रक बोलावणारा दुसरा कोणी नसून आपणच. न तोडता हिव पडलं तरी ट्रकच. चूक कुठल्याही बाजूने झाली तरी त्या ट्रकाची चाकं याच अंगणात येणार होती.

"अगं किटली," चहाच्या वेळी म्हातारा मोठ्याने म्हणाला, "आज बर्फ आला नाही वाटतं. चालून चालून पाय दुखले का त्याचे?"

ऊलझानने त्याच्या पियाल्यात चहा ओतला. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

एकोणपन्नासाव्या दिवशी दुपारपर्यंत ढगाचा एक तुकडा राहिला नाही. ऊन असं पडलं की कोंबड्या चोची उघड्या टाकून भिंतीच्या सावलीत पडून राहिल्या, आणि कोलाच्या तळावरची हवा थरथरत राहिली. तिसऱ्या प्रहरी वारा पडला. पूर्ण पडला, बोरूचा तुरासुद्धा हलेना. पेर्देबायची बायको कांशायिम तंदूर पेटवत होती. तिचा धूर वर जाईना. छपराएवढा चढला आणि मग खाली वाकून हळूहळू कोलाच्या तळाकडे सरकत गेला. ऊलझान त्या धुराकडे बघत उभी राहिली. मग खाली वाकून तिने बूट काढले. तासाभरापूर्वी जिथे पाय टेकवत नव्हता, तिथली माती थंड झाली होती. सूर्य अजून हातभर वर होता आणि कुत्रा शेपटीत नाक खुपसून वेटोळं करून पडला होता.

सुरी बुटात होती आणि बूट म्हाताऱ्याच्या पायात. ऊलझानने बोरू कापायचा विळा घेतला, खालच्या वाफ्यात उतरली, पहिल्या फळावर अंगठ्याने टिचकी मारून आवाज ऐकला आणि देठ कापला. हात थांबू नये म्हणून दुसरं फळ तिने लगेच कापलं. दहा झाली, वीस झाली. चाळिसाव्या फळाच्या सुमारास कुंपणापलीकडून कांशायिमचा आवाज आला.

"अगं ऊलझान! म्हातारा जिवंत आहे ना?"

"आहे."

"मग हे काय करतेस?"

"तोडतेय."

"त्यांनी पहिलं कापलं?"

"नाही."

कांशायिमने आपली गळपट्टी दोन बोटांत धरली, मेल्याची बातमी ऐकल्यावर धरतात तशी. "पेर्देबाय!" ती ओरडली. "अहो, बाहेर या!"

तो आरडाओरडा अंगणापर्यंत गेलाच. शेरनियाझ काठी टेकत बांधावर आला. कापलेली फळं वाफ्यात ओळीने पडली होती आणि त्यांच्या देठांतून अजून चीक गळत होता. म्हाताऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला. पेर्देबाय कुंपणाला टेकून उभा राहिला. तमाशा फुकट बघायला मिळाला तर त्याला नको नव्हता.

"विळा खाली ठेव," म्हातारा म्हणाला.

"नाही ठेवत."

"केलिन!"

ऊलझानने मान वर केली. सत्तावीस वर्षांत तिने सासऱ्याचे डोळे असे समोरून पाहिले नव्हते. ते फिकट तपकिरी होते, कुवातसारखे. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता.

"बाबा, बूट काढा."

"काय?"

"बूट काढून एकदा इथे उभे राहा. मग मला घरातून हाकला. मी जाईन."

पेर्देबाय हसला. "घ्या! आता सासऱ्यालाही नाचवणार."

 म्हातारा काठी बाजूला टाकून बांधावर बसला. आधी रबरी खोळी काढल्या, मग बूट. सुरी मातीत पडली ती त्याने पाहिलीही नाही. पायाला गुंडाळलेल्या पट्ट्या सोडल्या. आतून पांढरे, निळ्या शिरांचे, अंगठे वाकलेले पाय निघाले. पंधरा-वीस वर्षं ते पाय बाजेवरच्या लोकरी नमद्यावरून बुटात आणि बुटातून नमद्यावर, एवढंच फिरले होते. त्याने ते कोलाच्या तळावर ठेवले.

याच जागी तो एकेकाळी शरदातल्या संध्याकाळी होडी लावायचा. मासे काढून काढून बोटं बधिर व्हायची, पण काठाची ओली माती मात्र अंधार पडून गेला तरी कोमट असायची, आणि सगळे कोळी अनवाणी घरी यायचे, पाय शेकत शेकत. त्याच्या तळपायांना तेवढंच आठवत होतं. तो उभा राहिला, आणि मग त्याने एक पाय उचलून दुसऱ्यावर घासला.

"दिवस मावळला का?" त्याने विचारलं.

"अजून नाही, बाबा. तो काय, वर आहे."

"दुपारी ही तापली होती?"

"पाय टेकवत नव्हता."

म्हाताऱ्याने एकदा रिकाम्या कोलाकडे पाहिलं. मग त्याने मातीतली सुरी उचलली, वाकला, एक फळ देठापासून कापलं आणि पोटाशी धरलं. रीत चाळीस फळं उशिरा पार पडली. 

"पेर्देबाय," तो म्हणाला, "तोड."

"अहो आगा, टीव्हीवर सहा अंश—"

"गेल्या वर्षी माझं ऐकून बुडालास. यंदा न ऐकून बुडू नकोस."

"तुमचं ऐकायचे दिवस गेले, आगा," पेर्देबाय म्हणाला. "एकदा ऐकलं ते पुरे झालं." तो घरात निघून गेला. कांशायिम थोडा वेळ घुटमळली, नवऱ्याच्या पाठीकडे बघितलं, आणि तीही आत गेली.

सून कापत होती आणि सासरा चापानाच्या ओटीत दोन-दोन फळं घालून खोलीपर्यंत नेत होता. बूट त्याने परत घातलेच नाहीत. दिसेनासं झालं तेव्हा सत्तर-ऐंशी फळं वेलीवर राहिली, ती सगळ्यात लहान. त्यांच्यावर त्यांनी घरातल्या गोधड्या टाकल्या.

सकाळी सगळं पांढरं होतं. कोलाचा तळ, बांध, गोधड्या, कुंपणावरची तार. होडीपाशी पियाला तळापर्यंत गोठून तडकला होता. बोरूतल्या पियाल्यालासुद्धा कडेने बारीक काच धरली होती. ऊन चढलं तसे पेर्देबायच्या मळ्यातले वेल ओले झाले, मग लोळले, मग काळे पडले. कांशायिम त्यांच्या मधोमध उभी होती. पेर्देबाय घरात होता आणि टीव्ही चालू होता. शहरात कालवे आहेत, झाडं आहेत. तिथे रात्री सहा अंश असतीलही.

ऊलझानने खोलीत जाऊन फळांवर टिचक्या मारल्या. निम्मी भरलेली होती, बरीच बेताची. पण हिवाळा निघून जाईल एवढी होती. तिला एकदम हलकं वाटलं. पूर्वी होड्या लागायच्या त्या जुन्या धक्क्याचा जो उंचवटा होता तेवढ्याच जागी फोन लागायचा. तिथे जाऊन कुवातला सांगायचं, ट्रक नको, पैसे घेऊन ये, नवरोजला खरबूज कापू. तिने रुमाल बांधला आणि फोन उचलला.

"थांब," बाजेवरून म्हातारा म्हणाला.

त्याने पेटी उघडली होती. आत सुतळ्यांची वेटोळी होती, वर्षाला एक. वरची वर्षानुवर्षांची काळवंडलेली, बापाच्या हातची. त्यातल्या प्रत्येकीत एका गाठीला लाल चिंधी बांधलेली होती. ज्या दिवशी खरोखर हिव पडलं, ती गाठ. त्याने त्या नमद्यावर शेजारी शेजारी मांडल्या आणि बोटाने मोजल्या. एकसष्ट. एकोणसाठ. साठ. बासष्ट. नंतर त्याच्या स्वतःच्या हातच्या. साठ, साठ, एकोणसाठ. मग नुसत्या गाठी. चिंधी नाही.

"चिंध्या का सोडल्या, बाबा?" तिने विचारलं. किटली तिथे नव्हती, आणि ती दोघंही किटलीला विसरली होती.

"दर वर्षी साठच यायच्या. म्हटलं कशाला बांधायची." त्याने सुतळी बोटाभोवती गुंडाळली. "कोल गेलं तेव्हाही नाही बांधली. मी मोजत राहिलो, केलिन. बघितलं नाही." मग एक सुतळी उचलून तो म्हणाला, "गेल्या वर्षी त्रेपन्न. त्याच्या आधीच्या वर्षी?"

ऊलझानने रुमालाची गाठ पुन्हा आवळली.

"विचारतोय मी."

"पंचावन्न. हलकंच पडलं होतं. खालचा एक वाफा गेला. मी ती फळं मेंढ्यांवाल्यांना देऊन टाकली."

"मला नाही सांगितलंस."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"त्याच्या आधी?"

"सत्तावन्न, बहुतेक. पेर्देबायच्या मळ्यात पडलं होतं. तेव्हा तोही काही बोलला नाही. तुम्हाला कोणी कसं सांगणार, बाबा?"

म्हातारा हसल्यासारखा झाला. त्याने आपल्या जुन्या सदऱ्याची बाही फाडली, लाल नव्हती, निळी होती, आणि एकेका सुतळीला चिंधी बांधली. सत्तावन्न, पंचावन्न, त्रेपन्न. शेवटची, कालची, एकोणपन्नास. चारही सुतळ्या त्याने बापाच्या सुतळ्यांच्या पुढे ओळीत ठेवल्या. लाल चिंध्या एका रेषेत होत्या. निळ्या खाली खाली उतरत होत्या.

"फळाला किती गाठी लागतात?"

"पंचावन्न," ती म्हणाली. मग घाईने म्हणाली, "लवकर पेरलं तर?"

"पेरलं होतंस ना लवकर. काळं पडलं, पुन्हा पेरलंस." त्याने सुतळ्या गोळा केल्या, बापाच्या वेगळ्या आणि आपल्या वेगळ्या. "आता हिशेब बरोबर आला. कुवातला सांग, ट्रक घेऊन ये."

"बाबा, यंदाची वाचली आहेत!"

"वाचली. म्हणून तर ट्रकात घालून न्यायला काहीतरी आहे."

 इतके दिवस ऊलझान ज्याच्याशी भांडली होती, त्याने तिचंच सगळं मान्य केलं होतं, आणि आता त्याच्यापाशी भांडायलाही जागा उरली नव्हती. टेकाडावरच्या कबरस्तानात सासूची कबर होती. दर शुक्रवारी म्हातारा तिथे जायचा.

"आणि आई?" तिने विचारलं.

"ती कुठे येणार," तो म्हणाला आणि पायांच्या पट्ट्या गुंडाळायला लागला.

ती धक्क्याच्या उंचवट्यावर चढली. इथेच तिला होडीतून उतरवलं होतं. तिथून मळा दिसत होता, गोधड्या दिसत होत्या, आणि त्यांच्यावरचं हिव वितळून वाफ निघत होती. ऊन चढायला लागलं होतं. दुपारी पुन्हा पाय टेकवणार नव्हता. फोन तीनदा कट झाला, चौथ्यांदा लागला. मागे कुठेतरी काँक्रीटचं यंत्र घरघरत होतं.

"हॅलो? ऊलझान? काय गं, इकडेही थंडी पडली. खरबुजं गेली का?"

"नाही," ती म्हणाली. "वाचली."

"वाचली? खरंच? अरे वा! मग बोल, काय आणू येताना?"

तिने एकदा अंगणाकडे पाहिलं. म्हातारा बाजेवरचा नमदा झटकत होता.

"ट्रक आण," ती म्हणाली.